सायकलवर झापड येऊ नये म्हणून: ऑफिसचा रस्ता बदलता ठेवण्याची रीत

डबा सांडला तो बुधवार होता. पुण्यात डहाणूकर कॉलनी ते स्वारगेट, कर्वे रस्त्याने सायकलवर जायला लागून मला तिसरं वर्ष चालू होतं. आदल्या रात्रीत रस्त्यावर एक स्पीडब्रेकर उगवला होता. पांढरे पट्टे नाहीत, पाटी नाही. तरी तो काही लपून बसलेला नव्हता. माझ्यापुढच्या तीन स्कूटर हळू झाल्या, एका रिक्षाचा मागचा लाल दिवा लागला, हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. मी मात्र होतो त्याच वेगात गेलो, कारण तिथे स्पीडब्रेकर नसतो हे मला पक्कं माहीत होतं. सायकल उडाली, मी कसाबसा सावरलो, कॅरिअरला लावलेला डबा उघडला आणि आमटी मागच्या चाकावर. ऑफिसात पोचल्यावर अंगावरचे डाग पुसताना आठवायला लागलो की लकडी पूल कधी ओलांडला. आठवेना. अलका टॉकीजच्या चौकातला सिग्नल लाल होता की हिरवा, तेही आठवेना.

तेव्हापासून मी रस्ता बदलत जातो. आता सहा-सात वर्षं होतील. सुरुवातीला चुकीच्या पद्धतीने बदलला आणि त्यातही एकदा आपटता आपटता वाचलो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

मुद्दा असा, की सायकलवरचं लक्ष दोन कारणांनी जातं. रस्ता फार ओळखीचा झाला की मन घरच्या हप्त्यांचा नाहीतर ऑफिसातल्या मीटिंगचा विचार करायला लागतं. आणि रस्ता अगदीच अनोळखी असला की सगळं लक्ष ‘आता डावीकडे वळायचं की पुढच्या गल्लीत’ यातच खर्ची पडतं, समोरचं दार उघडणारी गाडी दिसत नाही. दोन्हीकडे धोका सारखाच. त्यामुळे रोज नवा रस्ता शोधत हिंडू नका. पाठ असलेले तीन-चार रस्ते हाताशी ठेवा आणि ते आलटून पालटून वापरा.

डोळ्यांसमोरची गोष्ट न दिसणं ही कल्पना कुणाला अतिशयोक्ती वाटत असेल, तर हार्वर्डमध्ये सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी केलेला आणि 1999 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आठवावा. चेंडू किती वेळा पास झाला ते मोजायला सांगितलेल्या लोकांपैकी जवळपास निम्म्यांना खेळाडूंच्या मधून चालत गेलेला, गोरिलाचा पोशाख घातलेला माणूस दिसलाच नाही. रस्त्यावर धडक झाली की गाडीवाला म्हणतो, ‘अहो, दिसलाच नाहीत तुम्ही.’ आपण चिडतो. बऱ्याचदा तो खरं बोलत असतो. आणि आपल्यालाही तसंच काहीतरी दिसलेलं नसतं.

आकड्यात सांगायचं तर ताशी 18 किलोमीटर हा रोजच्या सायकलीचा साधा वेग. म्हणजे सेकंदाला पाच मीटर. मन दोन सेकंद कुठे गेलं तर तुम्ही दहा मीटर आंधळे गेलात.

आधी स्वतःची परीक्षा

आठवडाभर रस्ता बदलू नका. नेहमीच्याच रस्त्याने जा, आणि ऑफिसात पोचल्यावर हेल्मेट काढायच्या आधी मनातल्या मनात पाच प्रश्नांची उत्तरं द्या. आज कुठल्या सिग्नलला थांबलो? कुठल्या गाडीने कट मारला, किंवा मारू बघितला? रस्त्यात नवं काय दिसलं? मागे वळून किती वेळा पाहिलं? आणि सगळ्यात जास्त वेळ डोक्यात काय चाललं होतं?

पहिल्या चार प्रश्नांना ‘काय माहीत’ हे उत्तर दोन-तीनदा आलं तर रस्ता जुना झालाय. ज्या पट्ट्याचं काहीच आठवत नाही तो पट्टा लिहून ठेवा. सगळा रस्ता क्वचितच झोपवतो, एखादा तुकडाच झोपवतो. माझा तुकडा होता गरवारे कॉलेज ते डेक्कन: सरळ, सपाट, वर मेट्रोची सावली.

नकाशा कागदावर काढा

मोबाइलवरचा नकाशा बघून काढा, पण काढा कागदावर. हाताने काढताना अडकायला होतं कुठे ते लगेच कळतं. प्रत्येक गावात काही जागा अशा असतात की तिथून गेल्याशिवाय पलीकडे जाताच येत नाही. रेल्वेचं फाटक, हायवेखालचा बोगदा, घाट, पूल. पुण्यात कोथरूडकडून पेठांकडे किंवा स्वारगेटकडे जायचं तर मुठा नदी ओलांडावीच लागते, म्हणून माझा नकाशा पुलांपासून सुरू होतो. नदीच्या वरच्या अंगाकडून येताना राजाराम पूल, म्हात्रे पूल, एस. एम. जोशी पूल, लकडी पूल, मग फक्त दुचाक्यांसाठीचा झेड ब्रिज आणि त्याच्याखाली नदीपात्राला टेकलेला भिडे पूल.

आता घर ते पूल हा एक भाग आणि पूल ते ऑफिस हा दुसरा, असे दोन तुकडे करा. दोन्हीकडे दोन-दोन वाटा सापडल्या तरी जोड्या बऱ्याच होतात. यातून माझे चार रस्ते ठरले.

पहिला, जुनाच: कर्वे रस्ता, नळ स्टॉप, डेक्कन, लकडी पूल, टिळक रस्ता, स्वारगेट.

दुसरा: नळ स्टॉपला कर्वे रस्ता सोडून लॉ कॉलेज रस्ता, तिथून प्रभात रस्त्याने डेक्कन, आणि झेड ब्रिजवरून पेठांत. जुन्या प्रभात स्टुडिओच्या, म्हणजे आताच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या बाजूने उतरायचं. झाडी आहे, गाड्या कमी, पण नंबरांच्या गल्ल्यांतून कोण कधी बाहेर येईल सांगता येत नाही. पेठांतून पुढे बाजीराव रस्ता धरला की तो स्वारगेटच्या बाजूला आणून सोडतो.

तिसरा: मेहेंदळे गॅरेजवरून म्हात्रे पूल, दांडेकर पूल, सारसबागेच्या कडेने स्वारगेट. हा सगळ्यात जवळचा.

चौथा: कर्वेनगरातून राजाराम पूल आणि सिंहगड रस्त्याने दांडेकर पूल. हा मी आठवड्यातून फार तर एकदा घेतो. सकाळी सिंहगड रस्त्याची गर्दी अशी असते की झोप लागण्याची भीतीच नाही, पण दुसऱ्या भीती बऱ्याच.

तुमचं गाव लहान असेल आणि पूल एकच असेल तर पुलाला पर्याय नाही. मग पुलाच्या अलीकडचा आणि पलीकडचा तुकडाच बदला. पाचशे मीटरचा बदलही पुरतो, फक्त तो तुमच्या ‘झोपेच्या’ पट्ट्यावर पडला पाहिजे.

एक गोष्ट इथेच: येण्या-जाण्याचा रस्ता एकच असतो असं धरून चालू नका. बाजीराव रस्ता एकेरी आहे, शनिवारवाड्याकडून स्वारगेटच्या दिशेने. उलट येताना शिवाजी रस्ता. ‘सायकलला कोण अडवतंय’ म्हणून नो एंट्रीतून घुसणारे आपल्यात खूप आहेत, मीही होतो. पोलीस अडवत नाही हे खरं. पण गल्लीतून मुख्य रस्त्याला येणारा गाडीवाला फक्त ज्या बाजूने वाहतूक येते त्याच बाजूला मान वळवतो. तुम्ही दुसऱ्या बाजूने येता. मग तुम्ही कितीही जागे असा, तो तुमच्याकडे बघणारच नाही.

रविवारी एकदा, कामाच्या दिवशी एकदा

नवा रस्ता पहिल्यांदा रविवारी सकाळी सातला करा. घाई नाही, गर्दी नाही. या फेरीत रस्त्याचा पृष्ठभाग बघायचा. चेंबरची झाकणं रस्त्याच्या वर आहेत की खाली? पावसाच्या पाण्याच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेने आहेत की आडव्या? सरळ फटीत बारीक टायर अडकला की सायकल जागेवर थांबते, तुम्ही पुढे जाता. डांबर संपून पेव्हर ब्लॉक कुठे सुरू होतात, उतार कुठे आहे आणि उतार संपतो तिथे काय आहे, तेही बघा. उताराच्या पायथ्याशी चौक असेल तर त्या रस्त्यावर एक मोठी फुली.

पण रविवारच्या फेरीवर विसंबू नका. इथेच मी पहिल्यांदा चुकलो होतो. रविवारी सुंदर वाटलेल्या एका गल्लीत सोमवारी नऊला शाळेच्या व्हॅनची रांग होती, आणि प्रत्येक व्हॅनचं दार माझ्या बाजूला उघडत होतं. म्हणून दुसरी फेरी कामाच्या दिवशी, खऱ्या वेळेला, वीस मिनिटं आधी निघून. या फेरीत माणसं बघायची. शाळा कुठे सुटते-भरते, पीएमपीच्या बसचे थांबे कुठे आहेत, रिक्षा स्टँड कुठला, भाजीवाल्या कुठे बसतात, दुधाचा टेम्पो कुठे उभा राहतो. परतीचीही अशीच एक फेरी हवी, कारण संध्याकाळी तोच रस्ता वेगळा होतो. म्हात्रे पूल ते राजाराम पूल हा डीपी रस्ता दिवसा मोकळा असतो, आणि लग्नाच्या मुहूर्ताला संध्याकाळी दोन्ही बाजूंच्या लॉन्समधली वरात, घोडा, जनरेटरची गाडी आणि पार्किंग शोधणारे पाहुणे सगळे रस्त्यावर.

या दोन-तीन फेऱ्यांतलं सगळं एका छोट्या वहीत लिहा. प्रत्येक रस्त्याला एक पान. माझ्या म्हात्रे पुलाच्या पानावर एवढंच आहे: ‘पूल संपताना डावीकडून येणारे बघत नाहीत. थांब्यापाशी बस उजवीकडून. उतारावर चेंबर, मधून नको.’ दिसायला किरकोळ वाटतं, पण रस्ता ‘पाठ’ होतो तो असा. प्रत्येक नवा रस्ता तीन वेळा केल्याशिवाय मी तो पाळीत घेत नाही.

पाळी कशी लावायची

सकाळी दारात उभं राहून ‘आज कुठून?’ असा विचार करू नका. होतं काय, आळस जिंकतो आणि जुनाच रस्ता घेतला जातो. वार ठरवून टाका. माझं सोमवार आणि गुरुवार म्हात्रे पूल, मंगळवारी प्रभात रस्ता, बुधवारी लकडी पूल, शुक्रवारी मनाला येईल तो. सोमवारी जवळचा आणि सोपा रस्ता मुद्दाम ठेवलाय, सुट्टीनंतर अंग जड असतं.

लागोपाठ दोन दिवस एकच रस्ता नको. महिन्या-दोन महिन्यांनी हे वार फिरवा, नाहीतर ‘मंगळवारचा प्रभात रस्ता’ हीच एक सवय होऊन बसते. आणि वर्षातून एखादा रस्ता काढून नवा घाला. चारापेक्षा जास्त रस्ते मात्र ठेवू नका. सातवा रस्ता महिन्यातून एकदा वाट्याला येतो आणि तोवर तिथलं सगळं विसरायला झालेलं असतं, म्हणजे तो पुन्हा अनोळखी.

कधी बदल करायचा नाही, याचे माझे नियम कडक आहेत. उशीर झालाय: नेहमीचा रस्ता. पहिला जोरदार पाऊस: नेहमीचा रस्ता. ताप, रात्रीची झोप अपुरी, घरी भांडण: सगळ्यात सोपा रस्ता, आणि शक्य असेल तर बस. अंधार पडल्यावर परत येताना दिवे असलेला, दिवसा पाठ झालेला रस्ता. आणि भर रस्त्यात ‘अरे, इथून गेलं तर?’ असं सुचलं तर त्या दिवशी जायचं नाही, वहीत लिहायचं आणि रविवारी बघायचं. चौकात ऐन वेळी हँडल वळवणारा सायकलवाला मागच्या बसवाल्याला कळत नाही.

तोच रस्ता, वेगळी नजर

बदलायला जागाच नसेल, किंवा काही दिवस एकच रस्ता घ्यावा लागत असेल, तर लक्ष टिकवायचे आणखी उपाय आहेत. खरं तर रस्ते बदलणाऱ्यांनीही हे करावेत.

सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय म्हणजे बोलत जाणं. ब्रिटनमध्ये पोलिसांना गाडी चालवायला शिकवताना समोर दिसणारं मोठ्याने सांगत चालवायला लावतात. मी सायकलवर मराठीत तेच करतो, हळू आवाजात. ‘डावीकडे रिक्षा, बाई पैसे देतायत, आता उतरणार. पुढे बस, उजवा दिवा, निघणार. पांढरी गाडी, आत माणूस आहे, दार उघडेल.’ पहिले दोन दिवस वेड्यासारखं वाटतं. सिग्नलला शेजारी उभ्या स्कूटरवरच्या आजोबांनी एकदा मला ‘फोनवर आहात का?’ म्हणून झापलं होतं, आणि कानात काही नाही हे बघून त्यांना जास्तच काळजी वाटली. पण बोलायला लागलं की बघावंच लागतं. पूर्ण रस्ता नाही बोललात तरी झोपेच्या पट्ट्यावर नक्की बोला.

दुसरं, चौकात बघताना मान नुसती झर्रकन फिरवू नका. डोळा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारतो तेव्हा मधलं काही दिसत नाही, आणि त्या मधल्या जागेत आख्खी मोटरसायकल मावते. उजवीकडे बघा, क्षणभर नजर ठेवा, मग डावीकडे, क्षणभर ठेवा, पुन्हा उजवीकडे.

तिसरं, गाडीवाल्याच्या डोळ्यांपेक्षा गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघा. काळ्या काचांमुळे चेहरा तसाही दिसत नाही, आणि डोळे तुमच्याकडे असले तरी मन कुठे असेल सांगता येत नाही. चाक मात्र खोटं बोलत नाही. वळणार असेल तर ते आधी वळतं.

उभ्या गाड्यांपासून दाराच्या अंतरावर, म्हणजे हातभर जास्तच, एक मीटर तरी लांब राहायचं. मागचे हॉर्न मारतात, मारू द्या. थांब्यावर उभ्या बसच्या डावीकडून कधीही घुसायचं नाही, उतरणारा प्रवासी आणि निघणारी बस या दोघांच्या मधे आपण सापडतो. नळ स्टॉपसारख्या ठिकाणी, उड्डाणपूल खाली उतरतो तिथे, वरून वेगात येणाऱ्या गाड्या आणि खालून जाणारे आपण एकाच पट्टीत येतो. तिथे मी घंटी, बोलणं, विचार सगळं थांबवून फक्त मागे बघतो. मागे बघताना सायकल उजवीकडे ओढली जाते, त्याचा सराव आधी मोकळ्या मैदानात करून घ्या. मागे बघता न येणाऱ्याने रस्ता बदलण्याच्या फंदात पडू नये, आधी ते शिकावं.

निघायची वेळ पंधरा मिनिटांनी पुढे-मागे करणं हाही बदलच. रस्ता तोच, पण सावल्या, माणसं, वाहनं सगळं वेगळं. हिवाळ्यात सकाळी पूर्वेकडे जाताना ऊन थेट डोळ्यांत येतं. तुम्हाला दिसत नाही तसं मागून येणाऱ्यालाही तुम्ही दिसत नाही, म्हणून मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

इअरफोन मी लावत नाही, एका कानातही नाही. मागच्या डंपरचा आवाज हाच सायकलवाल्याचा आरसा.

पाऊस आणि गणपती

पावसाळ्यात ही सगळी पाळी बदलते. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातो, आणि तिथली सगळी वाहतूक लकडी पुलावर आणि झेड ब्रिजवर येते. त्यामुळे विसर्गाची बातमी आली की भिडे पूल तुमच्या वाटेत नसला तरी त्या दिवशी डेक्कनच्या वाटेला जाऊ नये, म्हात्रे पूल बरा. साचलेल्या पाण्यातून सायकल घालायचीच नाही. कोरड्यात पाठ असलेला खड्डा पाण्याखाली हातभर सरकलेला वाटतो, आणि कधी खरंच सरकलेला असतो. झेब्रा पट्टे, चेंबरची झाकणं, खोदकामावर टाकलेले लोखंडी पत्रे ओले झाले की साबण. त्यांच्यावर ना ब्रेक, ना वळण. रिमवर दाबणाऱ्या रबरी ब्रेकना ओल्यात पकडायला वेळ लागतो, म्हणून चौकाच्या बरंच आधीपासून हलकेच दाबत जायचं, पाणी निघून जातं.

गणपतीच्या आधी दोन आठवडे मांडव पडायला लागतात तेव्हा पेठांतले रस्ते निम्मे होतात. दहा दिवस माझा झेड ब्रिजचा रस्ता बंद. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर या चारही रस्त्यांवर मिरवणूक असते, तेव्हा सायकल घरी आणि आपण चालत, असंही मिरवणूक बघायचीच असते. ज्येष्ठात पालख्या शहरात मुक्कामाला असतात तेव्हाही वर्तमानपत्रातला बंद रस्त्यांचा नकाशा आदल्या रात्री बघून ठेवा. सकाळी बॅरिकेडपुढे उभं राहून नवा रस्ता शोधणं म्हणजे उशीर आणि अनोळखी रस्ता दोन्ही एकदम.

झोप झाली नसेल तर

रस्ता बदलून झोपेची भरपाई होत नाही. पाच तास झोपलेला माणूस प्रभात रस्त्यावरही तितकाच पेंगतो. जांभया येतायत, एकाच सिग्नलवर दुसऱ्यांदा मागचे हॉर्न ऐकून निघालात, खड्डा दिसल्यावर ब्रेक लागायला वेळ लागतोय, तर उतरा. सायकल कडेला लावा, पाणी प्या, टपरीवर चहा घ्या. दहा मिनिटांनी बरं वाटलं तर पुढे, नाहीतर सायकल हातात धरून चालत. बॉसला उशिराचं कारण काय सांगायचं ते मी तुमच्यावर सोडतो.

वहीचं शेवटचं पान मी ‘परत बघ’ म्हणून ठेवलंय. जिथे दचकलो, जिथे उगाच शिवी दिली, जिथे नशिबाने वाचलो, त्या जागा तारखेसह तिथे जातात. एकच जागा दोनदा आली की तो रस्ता महिनाभर पाळीतून बाहेर. सध्या त्या पानावर दोन नोंदी आहेत. पहिली त्या जुन्या स्पीडब्रेकरची, त्याला आता पांढरे पट्टे मारलेत. दुसरी परवाचीच, म्हात्रे पुलापलीकडच्या नव्या चेंबरची. ते अजून एकदाच आलंय. डब्याला तेव्हापासून रबर लावतो.